पिकअपचं ‘पिकअप’ आणि कॅमशाफ्ट

आमच्या भामरागडात पिकअप म्हणजे मालगाडी, वऱ्हाडाची गाडी आणि वेळ पडली तर पेशंटला हेमलकशाच्या दवाखान्यात पोचवणारी अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा. माझ्या मामाचं घर अशाच एका २५२३ सीसीच्या जुन्या डिझेल पिकअपवर चालतं. आलापल्लीहून किराणा आणायचा, मे महिन्यात तेंदूपत्ता वाहायचा. गेल्या उन्हाळ्यात भरलेली गाडी नाल्याच्या चढावर दम टाकू लागली. एका मिस्त्रीने सुचवलं, ‘कॅमशाफ्ट ग्राइंड करून रेसिंगवाला करून घ्या, गाडी उडेल!’ मामाचा मला फोन, ‘तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग, करू का?’ खर्च त्याच्या दीड महिन्याच्या कमाईइतका होता.

कॉम्प्युटरवाल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. कॅमशाफ्ट म्हणजे अंडाकृती उंचवटे असलेला दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की याचा एक होतो. हे उंचवटे टॅपेट, पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतात. इंजिन ३२०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १६०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस वेळा! व्हॉल्व्ह किती उघडतो ती लिफ्ट, किती अंश उघडा राहतो ते ड्युरेशन.

खरी गोम आहे इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो यात. पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी तो थोडा वेळ उघडाच ठेवतात, कारण वेगात आत येणारी हवा एकदम थांबत नाही. रेसिंग कॅम त्याला आणखी उशिरा बंद करतो. जास्त आरपीएमला याचा फायदा होतो, सिलिंडरमध्ये जादा हवा शिरते. पण कमी आरपीएमला हवेत तेवढा जोर नसतो. वर येणारा पिस्टन आत आलेली हवाच परत बाहेर ढकलतो. म्हणजे वरची ताकद वाढते आणि खालचा टॉर्क जातो. आता चिखलात, दुसऱ्या गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमवर चढणाऱ्या गाडीला यातलं काय हवं, तुम्हीच सांगा.

डिझेलला आणखी दोन अडचणी. हवा परत गेली की कॉम्प्रेशन कमी, आणि डिझेल तर कॉम्प्रेशनच्या उष्णतेवरच पेटतं. जानेवारीतल्या पहाटे जंगलात गाडी सुरूच होणार नाही. शिवाय टीडीसीला पिस्टन आणि हेड यांच्यात जेमतेम जागा असते. लिफ्ट किंवा ओव्हरलॅप वाढवला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. मग कॅम राहिला बाजूला, अख्खं इंजिनच उघडा. अमेरिकेत पिकअपचे कॅम हौसेने बदलतात, पण ती बहुतेक मोठी पेट्रोल व्ही-एट इंजिनं. आणि तिथेही ओझं ओढायचं असेल तर कमी ड्युरेशनचाच कॅम निवडतात.

मग गाडीचा दम गेला कुठे? सुट्टीत मी आणि मामाने व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. क्लिअरन्स फीलर गेजने तपासला. मग पुशरॉडच्या टोकाला डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची लिफ्ट बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटर कमी! उंचवटाच झिजला होता. जळका धूर पूर्ण बाहेर जात नव्हता, म्हणून ताजी हवा कमी, डिझेल अर्धवट जळतंय आणि काळा धूर. ऑइल वेळेवर न बदलण्याची कृपा, दुसरं काय.

उपाय म्हणजे कंपनीच्याच मापाचा नवा कॅम. सोबत टॅपेट मात्र नवेच टाका. जुना टॅपेट जुन्या उंचवट्यावर घासून बसलेला असतो, तो नव्या कॅमला खाऊन टाकतो. जोडताना उंचवट्यांना असेंब्ली ल्युब लावायचं आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर गाडी आयडलिंगला सोडायची नाही. साधारण वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायची. कारण उंचवट्यांवर ऑइल उडतं ते क्रँकच्या वेगामुळे, आणि नवा पृष्ठभाग याच वेळात घासून बसतो. ही वीस मिनिटं मामा एक्सिलरेटरवर पाय ठेवून बसला होता आणि मी खाली वाकून ऑइल कुठून गळतंय का ते बघत होतो.