शपथ मोडते का?

“आजपासून दारू बंद. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.” घरोघरी ऐकलेले हे वाक्य. आठवड्यात शपथ मोडते आणि घरचे म्हणतात, “याला लाजच नाही.” खरे तर लाज असते, मनाची तयारी झालेली नसते.

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्यालय. महिलांनी मतदान करून बाटली आडवी केली, म्हणून हा तालुका राज्यात ओळखला गेला. दुकान मतदानाने बंद होते. सवय मात्र टप्प्याटप्प्याने सुटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी धूम्रपान सोडू पाहणाऱ्या ८७२ जणांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेले टप्पे आज व्यसनमुक्तीच्या उपचारांत सर्रास वापरले जातात.

नकार : “पितो, पण कामावर जातोच ना?” सोडण्याचा विचारही मनात नसतो. इथे भांडण आणि उपदेश उलटतात. तपासणीचा अहवाल आणि महिन्याचा खर्च शांतपणे समोर ठेवावा, एवढेच.

द्विधा : “सोडायला हवी, पण...” या ‘पण’मध्ये माणूस वर्षानुवर्षे अडकतो. कारणे आपण सांगण्यापेक्षा त्याला विचारावे, “सोडलीस तर घरात काय बदलेल?” स्वतःच्या तोंडून आलेले कारण जास्त टिकते.

तयारी : महिनाभरात सोडायचे ठरते. तारीख, डॉक्टरांची भेट, सोबतीला कोण, हे पक्के करावे. गळ्यात माळ घालायची तर ती इथे. चारचौघांत दिलेला शब्द तयार मनाला बळ देतो; पहिल्याच टप्प्यावर जबरदस्तीने घातलेली माळ बहुधा खुंटीवर जाते.

एक धोका लक्षात ठेवावा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. हात थरथरणे, घाम, उलट्या, पहिल्या दोन दिवसांत फिट, त्यानंतर भास आणि बरळणे असा त्रास होऊ शकतो. वेळेवर उपचार न झाल्यास तो जीवावर बेततो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

कृती : सोडल्यानंतरचे पहिले सहा महिने. दवाखान्यात दारू सुटणे त्या मानाने सोपे. खरी परीक्षा घरी परतल्यावर. पगाराचा दिवस, गावची जत्रा, लग्नाची वरात, जुने मित्र. रोजची पिण्याची वेळ दुसऱ्या कामाने भरावी लागते. घरच्यांनी रोज तोंडाचा वास घेण्यापेक्षा एकत्र जेवायला बसावे.

टिकवणे : सहा महिन्यांनंतर आत्मविश्वास येतो, आणि त्याच्याबरोबर “एक घोट घेतला तर काय होतंय?” हा विचारही. म्हणून पाठपुरावा सोडू नये. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण असो वा साताऱ्यातील परिवर्तन संस्था, अशा ठिकाणी गोळ्यांइतकेच महत्त्व समुपदेशनाला आणि सोडलेल्यांच्या आपसांतल्या आधाराला असते.

मग घसरला तर? पुष्कळजण घसरतात. पण घसरलेला माणूस शून्यावर येत नाही; दारूविना काढलेले दिवस त्याच्या अनुभवात जमा असतात. त्या दिवशी नेमके काय झाले, कोण सोबत होते, मनात काय चालले होते, हे शोधून पुन्हा तयारीला लागावे. लाजेने तोंड लपवले, की घसरणीचे रूपांतर पुन्हा व्यसनात होते.

या टप्प्यांच्या सीमा काटेकोर नसतात. या मांडणीवर टीकाही झाली आहे. तरी हृदयविकारानंतर तंबाखू सोडणारा किंवा अर्धांगवायूनंतर रोजचा व्यायाम टाळणारा रुग्ण समजून घ्यायलाही ती उपयोगी पडते.

पुढच्या वेळी शपथ मागण्यापूर्वी घरच्यांनी एवढेच पाहावे : माणूस आत्ता कुठे उभा आहे? त्याला तिथून एकच पायरी पुढे न्यायची आहे. मदतीसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे.