दस्तरखानवरची माशी आणि समुद्रातला काडीकिडा

दस्तरखान अंथरला की बिनबुलाया पाहुणा आलाच म्हणून समजा! शीरखुर्म्याची वाटी झाकायला जरा उशीर झाला की माशी काठावर बसून पाय चोळू लागते. तिला चव पायांनीच कळते. घट्ट पदार्थ खाता येत नाही, म्हणून ती त्यावर लाळ सोडते, तो विरघळवते आणि शोषून घेते. आधी ती कोणत्या उकिरड्यावर बसून आली, हे आपल्याला कळत नाही. वाटी झाकायची ती यासाठीच. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. इतकी क्षुल्लक, तरी सूरह हजमध्ये दाखला दिला गेला तो हिचाच, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

काडीकिड्याचे सारे उलटे. दिवसभर फांदीला चिकटून वाळक्या काटकीसारखा पडून राहायचे, वारा आला तर फांदीसारखे डुलायचे, रात्री पाने खायची. पुष्कळ जातींना पंखच नसतात. अंडी बियांसारखी दिसतात आणि पिल्लू निघायला कित्येक महिने लागतात. असा जीव कोणाला त्रास देत नाही. पण संकट आले तर पळताही येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाउ नावाचे बेट आहे. तिथला काडीकिडा जाड, काळा, पाच-सहा इंच लांब. कोळी त्याला गळाला लावत, इतका मुबलक. 1918 मध्ये मकाम्बो हे जहाज तिथे खडकाला लागले आणि त्यातले उंदीर किनाऱ्यावर उतरले. थोड्याच वर्षांत बेटावर एकही किडा उरला नाही. माणसाच्या संगतीने माशी जगभर पसरली, त्याच संगतीने याचा घात केला.

सर्वांनी तो नामशेष धरला होता. पण 2001 मध्ये, बेटापासून सुमारे 23 किलोमीटरवर समुद्रातून उभ्या वर आलेल्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर, एका झुडपाखाली 24 किडे सापडले. तिथपर्यंत ते कसे पोचले, अल्लाहच जाणे.

2003 मध्ये दोन जोड्या खाली आणल्या, त्यांतली एक मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात. तिथली मादी आजारी पडली, तेव्हा सांभाळणाऱ्याने तिला तळहातावर घेऊन थेंब थेंब कॅल्शियम आणि मकरंद पाजला. ती जगली, तिच्या वंशात पुढे हजारो किडे जन्मले. 2019 मध्ये बेटावर उंदीर मारण्याची मोठी मोहीम झाली. या किड्याला कधीतरी घरी परत नेता यावे, हाही तिचा एक हेतू होता.