शाळेच्या पातेल्यात गावची भाजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी जी खिचडी शिजते, तिचा तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. डाळ, तेल, मसाला बहुतेक ठिकाणी पुरवठादाराची गाडी आणून टाकते. शाळेनं गावातच पाहायच्या गोष्टी मुख्यतः दोन राहतात, भाजी आणि इंधन. गावच्या शेतातलं ताजं अन्न मुलांच्या ताटात यावं असं वाटत असेल, तर सुरुवात भाजीपासूनच करावी लागते.

आधी हिशेब करू. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी भाजी ७५ ग्रॅम. शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे १०० मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज ५ किलो आणि वर्षाला १००० किलो, पुरती एक टन भाजी लागते. हा आकडा शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. गावात रोज, ठरल्या वेळी, ठरलेलं वजन घेणारं दुसरं गिऱ्हाईक बहुधा नसतंच.

ही भाजी परसबागेतून निघेल का? शाळेशाळेत परसबागा झाल्या आहेत आणि काही खरोखर देखण्या आहेत. पण एका गुंठ्यात मेथी चांगली साधली, तर एका वेळी पाऊणशे ते शंभर किलो मिळते. शंभर मुलांना ती पंधरा-वीस दिवस पुरेल, तीही एकदम काढणीला येते. तेव्हा परसबागेवर सगळा भार टाकणं चूक आहे. तिच्यात कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पपई, अळू अशी एकदा लावली की टिकणारी झाडं असावीत. हात आणि ताटं धुतल्याचं पाणी अळूला, केळीला वळवता येतं. मे महिन्यात शाळा बंद असते, पाणी घालायला कुणी नसतं. वाफ्यांतला पालक तेव्हा वाळतो, शेवगा तग धरतो. शेवग्याचा पाला तर बारा महिने मिळतो. मूठभर पाला डाळीत टाकला तरी अ जीवनसत्त्व आणि लोह दोन्ही वाढतात, आणि वरून लिंबू पिळलं की ते लोह अंगी लागायला मदत होते.

उरलेली भाजी गावच्या शेतकऱ्याकडूनच यायला हवी. आणि इथेच बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. शाळा सुरू होते, भाजीची आठवण होते, मग मदतनीस ताई आठवडी बाजारातून बटाटे, कांदे, टोमॅटो आणतात, कारण तेच टिकतं. पालेभाजी दोन दिवसांत सुकते म्हणून ती यादीतून गळते. गावात मेथी असतेच, पण ती पहाटे शहराच्या मार्केट यार्डात गेलेली असते. शेतकऱ्याला शाळेची गरज पेरणीच्या आधी कळली पाहिजे, काढणीनंतर कळून उपयोग नाही.

म्हणून वेळापत्रक मेची सुट्टी लागण्यापूर्वीच बसवावं. शाळा उघडल्यावर पावसाळ्यात पालेभाजी चिखलानं खराब होते, तेव्हा दुधी, दोडका, भेंडी, गवार धरावी. भेंडी पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणीला येते, म्हणजे जुलै-ऑगस्टची भेंडी हवी असेल तर पाण्याची सोय असलेल्यानं जूनमध्ये पेरायला हवी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी, पालक, मुळा, गाजर यांचे दिवस. मेथी महिन्या-सव्वा महिन्यात तयार होते. पण एकाच शेतकऱ्यानं एकाच दिवशी सगळी पेरली की पुन्हा तोच घोटाळा होतो. चौघांनी आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरली तर दर आठवड्याला कुणाची तरी काढणीला असते. फेब्रुवारीपासून शेवग्याच्या शेंगा आणि लाल भोपळा. भोपळ्याला मी शाळेचा खरा मित्र म्हणेन. पक्का झाला की महिनोन्महिने टिकतो, चिरायला सोपा, लहान मुलांना गोड लागतो.

वजनाकडेही लक्ष हवं. ५० ग्रॅम म्हणजे निवडलेली, खाता येईल अशी भाजी धरावी. मेथीची मुळं आणि जाड देठ काढले की जुडीचा बराच भाग जातो. जुड्या मोजून घेतल्या तर मुलांच्या ताटात कमी पडते, म्हणून किलोवरच घ्यावी. निवडण्याचं काम मदतनीस ताईंवर पडतं, त्यांचं मानधन तुटपुंजं आहे. रोज पाच किलो पाला निवडायला लावायचा आणि वर काही द्यायचं नाही, हे मला पटत नाही. भाजी निवडून देणाऱ्या बचत गटाला थोडा जास्त भाव द्यावा, हा त्यावरचा सरळ उपाय. फवारणी केव्हा केली हेही शेतकऱ्याला विचारायला हवं. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस ठेवायचे ते छापलेलं असतं, ते पाळलं नसेल तर भाजी घेऊ नये.

आता पैसा. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी दिवसाला ६.७८ रुपये आणि सहावी ते आठवीसाठी १०.१७ रुपये धरले आहेत. त्यातला भाजीचा वाटा थोडा, आणि तोही कधी उशिरा हाती पडतो. शेतकरी शाळेला टाळतो तो भावापेक्षा या उशिरामुळे. बाजारात त्याला त्याच दिवशी रोख मिळते.

ब्राझीलनं या सगळ्याची घडी कायद्यानं बसवली आहे. २००९ च्या कायद्यानुसार तिथे शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के वाटा छोट्या, कुटुंबानं कसलेल्या शेतीतून खरेदीसाठी राखला गेला. २०२६ पासून तो ४५ टक्के झाला आहे. पद्धत अशी: आहारतज्ज्ञ त्या भागात काय पिकतं ते पाहून जेवणाची यादी करतात. मग स्थानिक प्रशासन जाहीर करतं, कोणता माल, किती किलो, कुठे पोचवायचा. भाव आधीच बाजारांची पाहणी करून, सरासरी काढून जाहीर केलेला असतो, त्यामुळे सर्वांत स्वस्त देणारा जिंकेल अशी निविदेची चढाओढ होत नाही. जवळच्या शेतकऱ्याला पहिला मान. २०२३ च्या दुरुस्तीनं महिलांच्या गटांनाही प्राधान्य मिळालं. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती आधी जाहीर केलेली मागणी आणि आधी ठरलेला भाव. या दोन्हींसाठी गावाला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. गेल्या हंगामातल्या आठवडी बाजारांचे भाव काढून सरासरी ठरवणं एका बैठकीचं काम आहे.

मोठ्या शहरांतल्या केंद्रीय स्वयंपाकघरांना हे जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे टनांनी माल लागतो, शेतकरी उत्पादक कंपनीशिवाय तो पुरवता येणार नाही. गावच्या शाळेला चार शेतकरी आणि एक बचत गट पुरतो. शाळेत मुलांसाठी होणाऱ्या स्नेहभोजनाला लोक हौसेनं भाजी, फळं देतात, ती आनंदानं घ्यावी. पण वर्षाची एक टन भाजी दानावर चालत नाही. शेतकऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तुम्ही त्यात असाल, तर सुट्टी लागण्यापूर्वीच्या बैठकीत हा विषय मांडा: पटावर मुलं किती, रोजची भाजी किती किलो, जून ते एप्रिल कोणत्या महिन्यात कोण काय पेरणार, भाव काय आणि पैसे किती दिवसांत देणार. ठरलेलं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात द्या.