सिकलसेल : एका बटणाची गोष्ट

विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांना सिकलसेल हा आजार नवा नाही. ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द घराघरांत माहीत आहेत. सिकलसेलवर जनुकीय उपचार निघाल्याची बातमी आल्यापासून अनेक पालक विचारतात, हा उपचार नेमका काय आहे? ते समजण्यासाठी रक्तपेशी कशा घडतात हे आधी पाहू.

हाडांच्या आतील मज्जेत मूळपेशी असतात. त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. घडणीच्या सुरुवातीला या सर्वांत जनुके तीच असतात. मग कोणी तांबडी तर कोणी पांढरी का होते? कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, हे काही नियंत्रक प्रथिने ठरवतात. ‘गाटा-१’ या प्रथिनाचा जोर झाला की पेशी तांबडी होण्याच्या वाटेला लागते. ‘पीयू-१’चा जोर झाला की ती पांढऱ्या पेशींकडे वळते.

ही नियंत्रक प्रथिनेही जनुकांपासूनच बनतात. म्हणून त्यांनाही चालू-बंद करणारी बटणे असतात, आणि एकाच प्रथिनाचे बटण प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळे असू शकते. चाळीत पाण्याची टाकी एक, पण प्रत्येक खोलीचा कॉक वेगळा असतो. एक कॉक बंद केला तरी शेजाऱ्याचे पाणी थांबत नाही. तसेच हे आहे.

आता सिकलसेलकडे येऊ. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळे, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. सिकलसेलचा दोष या मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. म्हणूनच एसएस बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. पुढे ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात.

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करण्याचे काम ‘बीसीएल-११-ए’ हे नियंत्रक प्रथिन करते, हे २००८ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. मग हे प्रथिनच काढून टाकावे का? नाही. रोगाशी लढणाऱ्या बी-पेशी घडण्यासाठी ते लागतेच. वाट २०१३ मध्ये सापडली. तांबड्या पेशींत हे प्रथिन चालू करणारे बटण वेगळे आहे आणि गाटा-१ तेथे येऊन बसते, असे आढळले. तेवढेच बटण तोडले तर बी-पेशींना धक्का न लागता गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते.

यावरच आधारलेल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, बाहेर ते बटण तोडून त्या परत देतात. मात्र त्याआधी मज्जेतील जुन्या पेशी नष्ट करण्यासाठी कडक केमोथेरपी घ्यावी लागते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. म्हणजे विज्ञान पोहोचले, पण सामान्य माणसाच्या दारापर्यंत नाही.

मग आज हाती काय आहे? हायड्रॉक्सीयुरिया. या गोळीनेही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते आणि बहुतेक रुग्णांत वेदनेचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक काळाने रक्त तपासूनच घ्यावी. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

आणि तपासणी. एएस व्यक्ती रुग्ण नसते, वाहक असते. पती-पत्नी दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी करावी, पत्रिकेपेक्षा रक्ताचा अहवाल पाहावा. हा आजार पूर्वजन्मीचे पाप नाही, कोणाची नजर नाही, आणि एकट्या आईचा दोष तर मुळीच नाही. दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल एसएस होते. अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नका. मुलाला ताप आला, धाप लागली किंवा वेदना वाढल्या, तर तातडीने दवाखाना गाठा.