शेवाळलेली टाकी पुन्हा सुरू करताना

पिंपरी-चिंचवडकरांना समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. तरीही वाकड, रावेत, मोशीच्या एखाद्या सोसायटीत कोणाच्या तरी दिवाणखान्यात समुद्राचा छोटा तुकडा नांदत असतो. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे साडेचारशे लिटर पाणी मावते. त्याला समुद्राइतके खारट करायला साधारण १६ किलो मीठ लागते. त्यात दगड, रंगीत मासे, झुलणारे पॉलिप. हौस महाग, पण दिवसभराच्या कामानंतर डोळ्यांना आणि मनाला निवांतपणा देणारी.

मग एक दिवस काचेवर हिरवी झाक दिसते. महिन्याभरात दगडांवर केसांसारखे शेवाळ लोंबू लागते, पॉलिप मिटतात, मासे कोपऱ्यात जातात. शेवटी घरात ठरते, ‘रविवारी सगळी टाकी रिकामी करू, दगड घासू आणि नव्याने सुरू करू.’ हा रविवार आरोग्याच्या दृष्टीने जपून घालवण्याचा असतो. शेवाळामुळे माणूस सहसा आजारी पडत नाही. ते काढण्याच्या घाईत मात्र पडू शकतो, आणि तोही एकटा नव्हे, सारे घर.

शेवाळ हे लक्षण

तापाप्रमाणेच शेवाळ हे लक्षण आहे, मूळ आजार नव्हे. नायट्रेट आणि फॉस्फेट ही त्याची खते. माशांना टाकलेले जास्तीचे खाद्य, विष्ठा आणि मेलेले जीव कुजून ती तयार होतात. चाकणच्या कंपनीत पाळ्या बदलत काम करणाऱ्याच्या घरी सकाळी एकाने खाद्य घातलेले दुसऱ्याला माहीत नसते, तो संध्याकाळी पुन्हा घालतो. मधूनच गुरुवारी वीज गेली की पंप थांबतो, प्राणवायू कमी होतो आणि काही जीव दगावतात. त्यात भर म्हणून टाकीत थेट नळाचे पाणी घातले जाते. पिण्यासाठी शुद्ध केलेले हे पाणी माणसाला योग्य असले, तरी त्यातील क्लोरिन टाकीतील जीवांना मारक ठरते आणि विरघळलेले क्षार पाण्याचा तोल बिघडवतात. ही कारणे तशीच राहिली, तर धुतलेल्या टाकीत काही आठवड्यांत शेवाळ परत येते.

दगड कधीच उकळू नका

दगड निर्जंतुक करायचा म्हणून मोठ्या पातेल्यात उकळण्याचा मोह अनेकांना होतो. सर्वांत गंभीर धोका इथेच आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत बटणांच्या झुबक्यासारखे दिसणारे झोअँथिड नावाचे जीव सर्रास ठेवले जातात. ते प्रवाळांचे नातेवाईक. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआ गटात, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांवरील एका डबक्यातील ‘हानाचे मारक शेवाळ’ तिथल्या लोकांना पूर्वापार ठाऊक होते. संशोधकांनी तपासले तेव्हा ते शेवाळ नसून पॅलिथोआ हा प्राणी निघाला. त्यातील विष १९७१ मध्ये वेगळे करण्यात यश आले.

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक सूक्ष्म पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्याला चिकटते आणि पंपाचे उघडे भोक करून टाकते. क्षारांचा तोल कोसळतो. स्नायू, हृदय, फुप्फुसे, डोळे यांना त्याची झळ बसते. हे विष साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे सूक्ष्म थेंब हवेत पसरतात. अमेरिकेत एका हौशी माणसाने झोअँथिड मारण्यासाठी दगडावर उकळते पाणी ओतले आणि वाफ नाकात जाताच त्याला खोकला व धाप लागली. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात २०१८ मध्ये घरची टाकी साफ करताना असेच विष पसरले. कुटुंबासह दहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते.

काही तासांत तोंडाला धातूसारखी कडवट चव, थंडी-ताप, खोकला, धाप, अंगदुखी, डोळ्यांची आग अशी लक्षणे दिसतात. पावसाळ्यात अशा रुग्णाला डेंगी किंवा ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवले जाणे अगदी शक्य आहे. या विषावर उतारा नाही. प्राणवायू, सलाइन आणि हृदय-मूत्रपिंडावर लक्ष ठेवणे हाच उपचार. म्हणून टाकी साफ केली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगणे फार महत्त्वाचे. घरातील एकाहून अधिक माणसे किंवा पाळलेले कुत्रे-मांजर एकाच वेळी आजारी पडले, तर सर्वांनी ताबडतोब घराबाहेर यावे आणि मोठे रुग्णालय गाठावे. गरज पडल्यास १०८ ला फोन करावा.

बरी न होणारी गाठ

दुसरा धोका सावकाश येतो. दगड किंवा काच घासताना बोटाला खरचटते, चार दिवसांत विसरले जाते. दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तिथे लालसर-जांभळी गाठ येते. कधी मनगटाकडून कोपराकडे गाठींची रांगच लागते. हा मायकोबॅक्टेरियम मरायनम या जंतूचा संसर्ग असू शकतो. क्षयरोगाच्या जंतूचा हा भाऊबंद १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांमध्ये सापडला. तो गोड्या पाण्याच्या टाकीतही आढळतो. सुमारे ३० अंश सेल्सियस तापमान त्याला मानवते, म्हणून तो शरीराच्या आतल्या उबेपेक्षा हातापायांच्या त्वचेत रमतो.

निदान चुकण्याची शक्यता मोठी. साधे मलम, साधी प्रतिजैविके यांनी गाठ जात नाही. तुकडा तपासल्यावर क्षयासारखे चित्र दिसते, पण क्षयाची आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही दोन नेहमीची औषधे या जंतूवर चालत नाहीत. योग्य औषधेही काही महिने घ्यावी लागतात. प्रयोगशाळेला आधी सांगितले, तर नमुना कमी तापमानावर वाढवून जंतू पकडता येतो.

औषधे आणि आम्ल

शेवाळासाठी फ्लुकोनॅझोल आणि तांबड्या लेपासारख्या थरासाठी एरिथ्रोमायसिन टाकीत घालण्याचा सल्ला हौशी मंडळी एकमेकांना देतात. दोन्ही माणसांसाठी चिठ्ठीवर मिळणारी औषधे. शेकडो लिटर पाण्यात ती ओतून तेच पाणी गटारात सोडले, की औषधांना न जुमानणारे जंतू आणि बुरशी वाढायला आपणच हातभार लावतो. खतांचा पुरवठा चालू असेल, तर उपयोगही तात्पुरताच.

त्याहून तातडीची सूचना अशी : ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नयेत. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्लीचमध्ये पडले, की क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

मग करायचे कसे?

खिडक्या उघडाव्यात. लहान मुले, दम्याचे रुग्ण आणि पाळीव प्राणी यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. मेन स्विचपासून टाकीची सर्व उपकरणे बंद करावीत. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल घालावा. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवावे.

झोअँथिड असलेले दगड कोरडे घासू नयेत, फोडू नयेत, उकळू नयेत, त्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. टाकून द्यायचे दगड सौम्य ब्लीचच्या द्रावणात किमान अर्धा तास बुडवून ठेवावेत. ब्लीचने पॅलिटॉक्सिन निकामी होते. तळाची जुनी वाळू काळी पडली असेल आणि सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर तो हायड्रोजन सल्फाइड असतो. अशी वाळू थोडी थोडी करून उघड्या गॅलरीत काढावी. वापरलेले पाणी, वाळू किंवा जीव पवना-इंद्रायणीत सोडू नयेत.

नंतर खरी कसोटी असते ती धीराची. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे उपकारक जंतू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडू नयेत. आरओचे पाणी वापरावे. दिवसाआड नळ येणाऱ्या शहरात आरओतून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला वापरता येते. दिव्यांचे तास मोजके ठेवावेत आणि खाद्य कोणी, कधी घातले हे एका वहीत लिहावे. नवे जीव घेताना त्यांचे नाव आणि कागदपत्रे मागावीत. २००१ पासून भारतातील दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

टाकी पहिल्या महिन्यात पुन्हा थोडी तपकिरी, थोडी हिरवी दिसेल. ती घडी बसण्याची खूण असते; पाण्याची तपासणी चालू ठेवून थांबावे. आणि साफसफाईनंतर ताप, धाप, डोळ्यांची आग किंवा हातावरची न भरणारी गाठ दिसली, तर केसपेपर लिहिताना पहिल्याच वाक्यात सांगावे, ‘आमच्या घरी समुद्री माशांची टाकी आहे.’ एवढ्या एका वाक्याने निदानाचे कित्येक दिवस वाचू शकतात.