वृद्धाश्रमातील ज्येष्ठांना कोणत्या पूरक गोळ्या लागतात?

वृद्धाश्रमात राहणाऱ्यांच्या अंगावर ऊन कमी पडते. वाढत्या वयात त्वचेत ड जीवनसत्त्वही कमी तयार होते. फ्रान्समधील वृद्धाश्रमांत व ज्येष्ठांच्या वसाहतींत राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ८०० युनिट ड जीवनसत्त्व मिळालेल्या गटात खुब्याची हाडे कमी मोडली.

बी-१२ची कमतरताही उतारवयात आढळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना तिचा धोका अधिक. हातापायांना मुंग्या आल्या, विसरभोळेपणा वाढला, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नये, रक्त तपासावे.

लोहाची गोळी मात्र तपासणीविना नको. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवूनच मात्रा ठरवावी.