पेंटबॉल मार्कर: महागडा घेतला की जास्त लागतं का?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, ऑफिसची ट्रिप आहे, पेंटबॉल खेळणार आहोत. जरा भारीतली गन मागून घेतली तर समोरच्याला जास्त जोरात लागेल ना?" मी ऐकून हसलो. कारण तीन वर्षांपूर्वी लोणावळ्याला जाताना माझ्याही डोक्यात हेच होतं, आणि येताना मांडीवर लिंबाएवढा काळानिळा डाग घेऊन आलो. तो कसा पडला ते सांगतो, पण आधी हे यंत्र आतून बघूया.

खेळणारे त्याला गन म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. मार्कर म्हणजे खूण करणारा. अमेरिकेत नेल्सन नावाच्या रंगाच्या कंपनीसाठी तो बनला, जंगलातल्या झाडांवर आणि गुरांवर लांबूनच रंगाची खूण करता यावी म्हणून. १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला १२ जणांनी तोच नेल-स्पॉट ००७ हातात घेऊन पहिला खेळ खेळला. झेंडे गोळा करायचे, प्रत्येक जण एकटा. आणि जिंकला कोण? ज्याने एकही गोळी उडवली नाही तो!

गोळी म्हणजे काय, तर जिलेटिनचं कवच, औषधाच्या कॅप्सूलला असतं तसंच. आत धुतला जाणारा रंग. व्यास ०.६८ इंच, वजन जेमतेम तीन ग्रॅम. जिलेटिन दमट हवेत फुगतं, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या पिशवीतल्या गोळ्या नळीत अडकतात. घेताना पिशवी बंद आहे ना, बघा.

आता ट्रिगर दाबल्यावर काय होतं? भाड्याने मिळणारा मार्कर बहुतेक वेळा 'ब्लोबॅक' असतो. टिपमन ९८ हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा. आत एक जड हॅमर असतो, त्याच्यामागे दाबलेली स्प्रिंग. पहिल्यांदा खटका हाताने मागे ओढायचा. ट्रिगर दाबला की हॅमर सुटतो. त्याला जोडलेला बोल्ट गोळीला नळीच्या तोंडाशी ढकलतो, आणि हॅमर झडपेच्या पिनवर आपटतो. झडप क्षणभर उघडते. सुटलेला गॅस दोन्हीकडे धावतो: पुढचा गोळीला उडवतो, मागचा हॅमरला परत जागेवर ढकलतो. वरच्या हॉपरमधून पुढची गोळी खाली पडते आणि तुम्ही पुन्हा तयार. बॅटरी नाही, काही नाही. म्हणूनच तो धुळीत, चिखलात, आमच्यासारख्या नवशिक्यांच्या हातातही टिकतो.

पंप मार्करमध्ये हे मागे ढकलण्याचं काम गॅस करत नाही, तुम्ही करता, दर गोळीला एकदा. त्यात नेम धरायची सवय लागते. इलेक्ट्रॉनिकमध्ये ट्रिगर हा फक्त स्विच. सर्किट बोर्ड सोलेनॉइड उघडतो, आणि गोळी नीट बसली का हे इन्फ्रारेड सेन्सर बघतो. नाहीतर बोल्ट अर्ध्यात आलेली गोळी कापतो आणि आत रंगाची चटणी होते. सेकंदाला दहा गोळ्या आरामात जातात, खिसाही तितक्याच वेगाने रिकामा होतो. मॅगफेडमध्ये हॉपरऐवजी खालून मॅगझिन. लहान मुलांसाठी ०.५० इंचाचे येतात. त्यांची गोळी निम्म्याहूनही हलकी, म्हणून मारही कमी.

मग महागड्याने जास्त लागतं का? नाही. मार किती बसणार हे गोळीचं वजन आणि वेग ठरवतात, आणि वेगाला मैदानावर मर्यादा असते. सेकंदाला ३०० फूट ही नेहमीची कमाल, म्हणजे ताशी जवळजवळ ३३० किलोमीटर. बरीच मैदानं २८० वरच थांबवतात. जास्तीचे पैसे जातात ते गोळ्या भराभर आणि एकसारख्या सुटाव्यात म्हणून.

आता माझ्या मांडीकडे येऊ. एप्रिल महिना होता. सकाळी सगळ्या मार्करांचा वेग क्रोनोग्राफवर मोजला होता. जेवणाच्या सुट्टीत ते उन्हात पडून राहिले. बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. २१ अंशांना त्याचा दाब साधारण ८५० पीएसआय असतो, आणि तापमान चढलं की दाबही चढतो. दुपारी कुणी परत मोजलंच नाही. मित्राने दहा-बारा फुटांवरून मारलं, माझ्यासारख्याच साध्या भाड्याच्या मार्करने. नंतर मोजला तर ३३५! दाबलेल्या हवेची टाकी असती तर उन्हाचा इतका फरक पडला नसता, कारण तिच्या तोंडाशी रेग्युलेटर असतो.

डाग दोन आठवड्यांत गेला. पण त्याच खेळात एका मैत्रिणीने काच धुरकटली म्हणून मास्क वर केला होता, मैदानातच. पंच ओरडत धावत आला. तीच गोळी डोळ्यावर बसली असती तर कायमची नजर जाऊ शकते. साधा चष्मा किंवा बाईकचा गॉगल इथे चालत नाही, पेंटबॉलचाच मास्क हवा. धुरकटला तर हात वर करून बाहेर या, मगच काढा.

तेव्हा मेसेज पाठवणाऱ्या भावा, काउंटरवर भारीतली गन मागू नकोस. दोन गोष्टी विचार: "जेवणानंतर परत क्रोनो करणार ना?" आणि "मास्कच्या काचेला तडा नाही ना?" दुसऱ्याचं उत्तर त्यांच्या तोंडून ऐकू नकोस, काच उजेडात धरून स्वतः बघ. आणि ट्रिप कशी झाली ते पुढच्या व्हॉइस मेसेजमध्ये नक्की सांग.